माझ्या भारोभार गूळ

माझं जन्माचं वजन साडेतीन पौंड होतं, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक आहे. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळे, मग चहा, आणि चहाबरोबर माझं जन्माचं वजन. माय तळहात पुढे करून दाखवायची, "एवढी होती, एवढीच! उंदराच्या पिलावानी." पाहुणा तिच्या तळहाताकडे बघे, मग माझ्याकडे बघे आणि जिभेनं च्च च्च करे. बाबा भिलाईच्या कारखान्यात वजनकाट्यावर होते, मालाचे रेल्वे डबे तोलायचे. 'एवढी' वगैरे मोघम बोलणं त्यांना खपत नसे. पेपरातून मान वर न काढता ते दुरुस्ती करत, "साडेतीन पौंड. नेट." माझं छटाक हे नावही, म्हणजे शेराचा सोळावा हिस्सा, त्यांनीच ठेवलं. दाखल्यावर मी कुसुम आहे, पण आमच्या स्ट्रीटवरच्या मराठी, केरळी, बिहारी, छत्तीसगढी सगळ्या घरांना मी छटाक म्हणूनच माहीत होते. लाडाचं नाव होतं ते. लाडाच्या नावांइतका माणसाचा छळ दुसरं काही करत नाही, हे तेव्हा कळायचं वय नव्हतं.

दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे अंगण, अंगणात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर रोजची लालसर धूळ. दिवसातून तीनदा भोंगा व्हायचा आणि अधूनमधून यार्डातून डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज यायचा. बाबा घरी असले तर तेवढ्यावरून सांगत, "भरलेला हाये," किंवा "रिकामा." पावसाळ्यात मात्र ते चिडलेले असत. डब्यातला कोळसा भिजलेला यायचा आणि काट्यावर वजन फुगायचं. "आज कोळसा नाही, पाणी तोललं दिवसभर," म्हणत ते हातपाय धुवायला जात. ओला कोळसा त्यांना नुसता बघून कळायचा. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता, आणि मलाही होता. मी शाळेत मैत्रिणींना सांगत असे.

घरातलं मुख्य काम म्हणजे मला भरवणं. मायच्या मते माझी साडेतीन पौंडांची तूट अजून भरून निघायची होती. सकाळी साय घातलेलं दूध, शाळेतून आल्यावर डिंकाचा लाडू, जेवताना लाखोळीच्या डाळीवर तुपाची धार आणि भाताचा एक ढीग संपला की न विचारता दुसरा. "खाय वं. कावून टाकतेस? खाय." मी खात होते, अंगाला काही लागत नव्हतं. अंगकाठीच तशी असेल. पण मायला ते स्वतःवरचं लांच्छन वाटे. ती बुटकी होती, स्वयंपाकघरात पाट घेतल्याशिवाय वरच्या फळीला तिचा हात पुरत नसे, आणि त्या पाटावर उभी राहून ती सारखं काही ना काही माझ्यासाठी काढत असे. आज त्या स्वयंपाकघराची आठवण काढली की पहिल्यांदा मला तिची टाच दिसते, पाटावर उचललेली.

मायचा एक नवस होता, त्याचं असं झालं. मी जन्मले तेव्हा कापसात गुंडाळून ठेवलेली, वाचेल की नाही ते सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा मायनं सेक्टरातल्या मारुतीला बोलून ठेवलं, की पोरगी वाचली तर पाचव्या वर्षी तिच्या भारोभार गूळ वाहीन. पाचवं वर्ष आलं. बाबांनी अंदाज सांगितला, तेरा किलो. मायनं तोंड वाकडं केलं. "इतकुशी पोट्टी पारड्यात बसवू? लोक म्हणतील, माय खाऊ घालत नाही काय हिले?" मग ठरलं, जरा अंगानं भरली की करू. सातव्या वर्षी तेच, दहाव्या वर्षी तेच. मारुती थांबू शकतो, लोक थांबत नाहीत, असा काहीतरी तिचा हिशेब होता. मी पंधराची झाले, मॅट्रिक झाले, तरी ती माझ्या दंडाला चिमूट घेऊन बघायची आणि म्हणायची, "अजून नाही."

या दंडाच्या पुढे माझा हात होता आणि त्या हातात एक गुण होता. मला सरळ रेघ काढता येई. ऐकायला किरकोळ वाटेल, पण आमच्या गावात त्या गुणाला किंमत होती. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर लागत. साहेबांनी काढलेलं यंत्राचं चित्र मेणकापडासारख्या पारदर्शक कापडावर शाईनं जसंच्या तसं उतरवायचं, हे ट्रेसरचं काम. रेघ कुठं जाड नको, कुठं बारीक नको, शाईचा थेंब तर अजिबात नको. मी आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स घेतला. वर्गात मुली आम्ही दोघीच, आणि माझी शीट सर भिंतीवर लावून ठेवत. मला ती नोकरी हवी होती. स्वतःचा पगार, स्वतःचा गेट पास, सकाळच्या भोंग्याला बाबांच्या सायकलशेजारी माझी सायकल. दुसरं मी काही मागितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

कोर्सच्या दुसऱ्या वर्षी मी भरू लागले. आधी चेहरा, मग हातपाय, मग सगळीच. खाणं उलट कमी झालं होतं, भूकच लागत नव्हती, पण माय ताटाकडे बघतच नव्हती, ती माझ्याकडे बघत होती. एकोणीस वर्षांनी देवानं तिचं ऐकलं होतं. मला दिवसा झोप यायची, बसल्या जागी डोळे मिटायचे. माय म्हणे, "अंग धरून राहिली पोरगी, झोपू द्या." आवाज घोगरा झाला. माय म्हणे, आता बाईमाणसासारखा भारदस्त झाला. पाळी भळाभळा जायची, महिन्यातून दोनदा. माय म्हणे, अंगात रक्त झालं. कंगव्यात केसांचा पुंजका निघाला की ती तो गुपचूप चुलीत घाली, कुणाची दृष्ट नको म्हणून. चैत्रात सारी भिलाई उघड्यावर खाटा टाकून झोपत होती आणि मी आत गोधडी घेऊन. एकेक लक्षण दारात येऊन उभं राहत होतं आणि माय त्याला ओवाळून आत घेत होती. मी हे आज इतकं स्पष्ट लिहिते आहे, पण खरं सांगायचं तर तेव्हा मलाही थोडा आनंद झाला होता. मी पहिल्यांदाच तिला हवी तशी दिसत होते.

सकाळी उठल्यावर बोटं मात्र बधिर असायची. पेन धरलं की पेन धरल्याचं कळत नसे. ते मी कुणाला सांगितलं नाही.

हनुमान जयंतीचा मुहूर्त ठरला. ट्रेसरच्या भरतीची परीक्षा त्यानंतर तीन आठवड्यांनी होती, माय म्हणाली, एकात एक दोन्ही कामं होतील, मारुती तिकडेही बघेल. जळाऊ लाकडाच्या टालावरचा मोठा तराजू बाबांनी मागून आणला आणि देवळासमोरच्या कडुलिंबाच्या फांदीला टांगला. दोन बाजूंना साखळ्यांनी लटकवलेल्या दोन फळ्या. बाबांनी आधी रिकामी पारडी तोलून पासंग काढला, हलक्या बाजूला एक खडा बांधला, लांब उभे राहून एक डोळा मिटून दांडी बघितली. साठ किलो गुळाच्या ढेपा आणलेल्या होत्या. साठ हा बाबांचा अंदाज होता. त्यांचा अंदाज कधी चुकत नसे, म्हणून जास्तीचा गूळ आणायचं कुणाला सुचलंही नाही. अख्खा स्ट्रीट जमलेला. मला हिरवं लुगडं नेसवलेलं, हळदकुंकू लावलेलं. पारड्यात चढताना फळी हलली आणि दोन बायकांनी मला काखेत धरून बसवलं.

ढेपा चढू लागल्या. एक, दोन, पाच, दहा. शेवटची ढेप चढली तरी माझं पारडं जमिनीला टेकलेलंच होतं. जरासुद्धा हललं नाही. आधी कुणीतरी एक हसलं आणि मग सगळेच हसले. वाईट बुद्धीनं हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. समोरच्या घरातली छत्तीसगढी मावशी ओरडली, "अउ गुड़ लानव जी, अउ लानव!" आणि बायका आपापल्या घरी पळाल्या. कुणी वाटीत गूळ आणला, कुणी डब्यात, कुणी पदरात अर्धी भेली. प्रत्येकजण आपला खडा पारड्यात टाकी, माझ्याकडे बघून हसे आणि म्हणे, "वा गं छटाक!" मी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. उन्हात घाम येत नव्हता. माशा गुळावरून उठून माझ्यावर बसत होत्या. शेवटी माय धावत घरी गेली, आपल्या स्वयंपाकघरातला गुळाचा डबा घेऊन आली आणि सगळा पारड्यात उपडा केला. तेव्हा फळी जमिनीवरून सुटली. बाबांनी गुळाकडे बघून सांगितलं, "एकाहत्तर." माय रडत होती. आयुष्यात मी तिला इतकं सुखी कधी पाहिलं नाही, त्या आधीही नाही आणि नंतर तर नाहीच.

शेजारच्या क्वार्टरमधल्या सिस्टर एलिकुट्टी, मोठ्या हॉस्पिटलात नर्स होत्या, त्याही आपली गुळाची पुडी घेऊन आल्या होत्या. मी पारड्यातून उतरताना त्यांनी मला हात दिला आणि तो सोडलाच नाही. माझी बोटं दाबून बघितली, मग भुवयांची विरळ झालेली टोकं बघितली, मग गळ्यावर अंगठा ठेवून म्हणाल्या, "कुसुम, थूक निगलो." मी गिळलं. त्या मायकडे वळल्या. "इसको हॉस्पिटल लाओ. कल ही. ये ताकत नहीं है, सूजन है. गले की बीमारी लगती है मेरे को."

मायचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आहे. "सिस्टर, मेरी बेटी जरा तगड़ी हुई तो तुमको बीमारी दिखती?"

"हाथ देखो ना इसका. इतनी गर्मी में ठंडा है."

"तुमारे नजर में गर्मी है," माय म्हणाली, चारचौघांत. सिस्टरनी आपली पुडी गुळावर ठेवली आणि त्या निघून गेल्या. त्यानंतर दोन्ही घरांत दीड वर्ष बोलणं नव्हतं.

घरी आल्यावर मायनं माझ्यावरून मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणून तिची खात्रीच पटली, दृष्ट फार कडक होती. मी बाबांना म्हटलं, "बाबा, एकदा दाखवून येऊ ना. माही बोटं झोपून राहतात. परीक्षा हाये."

बाबांनी मायकडे बघितलं. माय म्हणाली, "देवानं देलं अन् आपण त्याले रोग म्हणावं? मारुतीचं काम झाल्या दिवशी? काय म्हणंल तो?"

"परीक्षा होऊन जाऊ दे," बाबा म्हणाले. "मंग पाहू."

ओला कोळसा नुसता बघून ओळखणारा माणूस. माझ्या अंगात पाणी साचलं होतं हो, दुसरं काही नव्हतं. नंतर डॉक्टरांनी बोट रुतवून दाखवलं. बाबांचं माझ्यावर प्रेम होतं, याबद्दल मला शंका नाही, पण मायच्या सुखात पाय घालायची त्यांची हिंमत झाली नाही आणि त्याची किंमत माझ्याकडून वसूल झाली. हे मी त्यांच्या हयातीत त्यांना बोलले नाही. बोलायला हवं होतं.

परीक्षेत चार तासांत एका गिअरचं चित्र उतरवायचं होतं. आयटीआयत मी तसलं तीन तासांत केलेलं होतं. पहिल्या तासात मी परीघ काढले, तेही हात दोनदा झटकून. दुसऱ्या तासात बाकावर माझा डोळा लागला. किती वेळ ते माहीत नाही, जाग आली तेव्हा परीक्षेचे साहेब शेजारी उभे होते. "बेटी, तबीयत ठीक है?" मी हो म्हटलं. मग घाई केली. पेन बोटांतून सुटतंय हे मला दिसलं, जाणवलं नाही. कापडावर शाईचा टपोरा थेंब पडला आणि मी बघतच राहिले. अर्धं चित्र आणि एक डाग एवढं मी त्यांच्या हाती दिलं. माझ्याबरोबरची दुसरी मुलगी लागली. तिची रेघ माझ्यापेक्षा बरी नव्हती. घरी माय म्हणाली, "नाही लागली त नाही लागली. लग्नाले त भरली ना पोरगी." तिनं माझ्या ताटात तूप वाढलं.

पुढचं दीड वर्ष मी बहुतेक झोपून काढलं. आळशी, म्हैस, खाऊन खाऊन डोळ्यावर आलेली, अशी नवी नावं मिळाली, जुनं छटाक होतंच. शेवटी एका सकाळी मी न्हाणीत पडले तेव्हा बाबांनी सिस्टर एलिकुट्टींचं दार वाजवलं. त्या बाईनं एक शब्द ऐकवला नाही, चपला घातल्या आणि मला घेऊन गेल्या. रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं, तीन आठवड्यांनी कागद आला. थायरॉइड जवळजवळ बंद पडलेली. औषध म्हणजे रोज सकाळी अनशापोटी एक पांढरी गोळी, नखाएवढीही नाही. तीन महिन्यांत मी जागी झाले. बोटं माझी झाली, घाम आला, आवाज आला. वजन उतरू लागलं आणि माय माझ्याकडे बघून रडू लागली. "केलेलं मातीत गेलं माहं," म्हणायची. मी बरी होत होते आणि आमच्या घरात सुतक होतं. ट्रेसरच्या जागा पुन्हा निघाल्या तोवर माझं वय निघून गेलं. जन्मभर गोळी खाणारी मुलगी म्हणून स्थळंही परतली. खुर्सीपारच्या एका लहान शाळेत मी चित्रकला शिकवू लागले, आंबा, झेंडा, झोपडी. बाबा गेल्यावर मायला घेऊन दुर्गला बोरसीत राहायला आले. आम्ही दोघी चांगल्या राहत होतो. म्हणजे भांडत नव्हतो.

तिथं एक तरुण डॉक्टर होता. मायच्या पायाची जखम भरेना म्हणून मी तिला घेऊन गेले. तिला साखर निघाली. मग त्यानं माझीही गोळी विचारली, कधीपासून, घरात आणखी कुणाला, आणि अचानक म्हणाला, जन्माचं वजन किती होतं? मी बोलायच्या आत मायनं तळहात पुढे केला. साडेतीन पौंड, तिनं सांगितलं, जुन्या सवयीनं, जरा कौतुकानंच. डॉक्टरनं ते लिहून घेतलं. मी विचारलं, त्याचा काय संबंध? तो हिंदीत सावकाश सांगत होता. काही जण म्हणतात की जन्मतः फार लहान असलेल्यांना मोठेपणी असे आजार व्हायचा संभव जास्त. काही म्हणतात, तसं काही नाही. तुमच्या बाबतीत नक्की कोणी सांगू शकणार नाही. डॉक्टर बदलला की मी अजूनही विचारते. उत्तर साधारण तेवढंच मिळतं.

परतताना आम्ही रिक्षा केली. माय रस्त्याकडे बघत म्हणाली, "तुह्या आजीनं मले पोटभर खाऊ देलं नाही."

मी डॉक्टरच्या कागदाची घडी घालत होते.

"गोंदियाकडं सासरी होतो तवा. तू पोटात. म्हणे, पोटभर खाल्लं त लेकरू मोठं होते अन् बाई बाळंतपणात मरते. तिची पोरगी मेली होती तशी. सकाळी पेज, संध्याकाळी मूठभर भात. सात महिने. मंग तुह्या बाबाले क्वार्टर भेटलं अन् आणलं मले." मग म्हणाली, "गुळाची लई इच्छा होये मले. मडकं वरच्या फळीवर ठेवलं होतं तिनं. माहा हात पुरे ना. म्हणून त गूळ बोलली मी मारुतीले."

"अन् तवा खाल्ला काय? त्या दिवशी?"

"नवसाचा गूळ बोलणाऱ्यानं खाव नाही ना."

एकाहत्तर किलोंतला एक खडा नाही. इथं मी तिला जवळ घेतलं असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. मी तिला जवळ घेतलं नाही. आजी आपल्या मुलीच्या मरणाला घाबरत होती, माय आजीच्या भाताला, आणि या सगळ्या भित्र्या बायांचं प्रेम येऊन माझ्या बोटांत बधिर होऊन बसलं, एवढंच मला त्या रिक्षात सुचत होतं. तीस वर्षं तिनं पाहुण्यांना माझं वजन सांगितलं आणि ही गोष्ट एकदाही सांगितली नाही. मला राग आला होता. तो अजून आहे, फक्त कुणावर ते आता नीट सांगता येत नाही.

संध्याकाळी मी शाळेच्या वह्या तपासत होते. स्वयंपाकघरात पाट सरकल्याचा आवाज आला नाही, कारण गुळाचा डबा आमच्याकडे ओट्यावरच असे. झाकण मात्र वाजलं. मी उठून गेले. माय डबा छातीशी धरून उभी होती, एक खडा बोटांत होता, तोंडात गेला नव्हता. मला बघून ती लहान मुलीसारखी हसली. मी तिच्या बोटांतला खडा काढून घेतला, डब्यात टाकला, झाकण लावलं. "डॉक्टरनं गोड बंद सांगितलं हाये," मी म्हटलं. ते खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं, ते तिलाही कळलं असावं, कारण तिनं बोटं पदराला पुसून टाकली. मी डबा वरच्या फळीवर ठेवला, मागे भिंतीपर्यंत सरकवला, आणि पाट उचलून माझ्या खोलीत घेऊन आले.